संत्र्याची पेशी

नाही, पण मी म्हणतो, टाळ्या वाजवायच्या आधी एकानं... फक्त एकानं हात वर करून 'एक मिनिट थांबा' म्हणायला काय हरकत होती? एवढी शिकलीसवरली माणसं, पुढच्या खुर्च्यांवर बसलेली, छातीला बिल्ले लावलेली, आणि समोर एक इसम दुसऱ्याच्या तोंडून धडधडीत चुकीचं वदवतोय, तर टाळ्या? हात दुखत नाहीत का हो तुमचे? आणि तो इसम कोण होता ते विचारू नका. विचारूच नका. मीच होतो. म्हणून तर म्हणतो, कुणीतरी थांबवायला हवं होतं मला! माणूस स्वतःहून थांबतो का कधी? अहो, आपला नागपूरचा ऑटोवालासुद्धा मनात आलं तर भर चौकात थांबतो, पण माझ्यासारखा ध्येयवादी शिक्षक एकदा सुटला की... जाऊ द्या. पहिल्यापासून सांगतो. नाहीतरी आता लपवण्यासारखं राहिलंय काय?

तुम्हाला सांगतो, मी फिजिक्सवाला. एम.एस्सी. माझ्याबरोबरची पोरं कुणी पुण्याला गेली, कुणी हिंगण्याला कंपनीत चिकटली, मी म्हटलं नाही, मी शिकवणार! देश बदलायचा तर आठवीपासून बदलायचा, नववीपर्यंत उशीर होतो. हे मी सगळ्यांना सांगत फिरायचो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा, आई बिचारी म्हणायची, "अरे जेवू दे ना त्याइले." तर हिंगणा रोडवरच्या एका शाळेत लागलो, पोरांचे बाप बहुतेक कंपनीत पाळीवर जाणारे, पोरं चुणचुणीत, मी खूश... आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक ढोमणे सर म्हणाले, "जितेंद्र सर, आठवीचं विज्ञान तुम्हीच घ्या. पूर्ण." म्हटलं पूर्ण म्हणजे? "पूर्ण म्हंजे पूर्ण. गतीबी तुमची, पेशीबी तुमची. जीवशास्त्राच्या कौसल्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर चालल्या." म्हटलं सर, पेशी माझा विषय नाही हो, मी दहावीनंतर पेशीकडे बघितलेलंसुद्धा नाही. तर काय म्हणावं त्यांनी? "मंग का झालं? पेशीनंबी तुमच्याकडं कोठी पाह्यलं!"

आता शहाणा माणूस असता तर त्यानं काय केलं असतं? घरी जाऊन धडा वाचला असता, कौसल्या मॅडमना चार शंका विचारल्या असत्या. मी काय केलं? मी क्रांती केली.

कारण तुम्ही पालक आहात ना कुणाचे तरी, तुम्हाला माहीत आहे, पेशीचा धडा आला की आपल्याकडे काय होतं. थर्माकोल! घरात पोरगं एकीकडे मोबाईल बघतंय, आणि आई, बाप, आत्या, घरजावई सगळे जमिनीवर बसून पेशी बनवतायत. हिरवा रंग, मधे अर्धा प्लास्टिकचा चेंडू म्हणजे केंद्रक, आणि फेव्हिकॉलचा वास. मला फोन यायचे हो! "सर, मी दुर्गेशची आई बोलून राहिली, इंदूबाई. थे तंतुकणिका म्हंता ना तुम्ही, तिले राजमा चालन का? नाई म्हंजे राजमा संपला... चवळी हाये घरात." चवळी! म्हटलं बाई, तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र आहे, तिथं तुम्ही चवळी लावताय? तर म्हणते, "मंग छोले लावू का? त्याच्यात ताकत जास्त राह्यते." आणि काही घरांत तर एकच थर्माकोल, थोरल्या बहिणीपासून चालत आलेला, खाली नावाची चिठ्ठी तेवढी बदलायची. पेशी वंशपरंपरेनं येते हे खरं, पण अशी?

मी वर्गात गेलो, ती सगळी मॉडेलं गोळा केली, मागच्या बाकाखाली कोंबली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पुस्तक बंद, डोळे उघडे! म्हटलं मुलांनो, यापुढे सरांनी सांगितलं म्हणून मानायचं नाही, पुस्तकात छापलंय म्हणून मानायचं नाही, स्वतः बघायचं! आणि पोरांनी काय केलं? 'पुस्तक बंद, डोळे उघडे' हे वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बरं, बघायचं तर सूक्ष्मदर्शक हवा. होता ना! ढोमणे सरांच्या खोलीत काचेच्या कपाटात, आमच्या शाळेच्या वार्षिक चषकांच्या शेजारी. मागायला गेलो, तर सर एकदम खुर्चीतून उठले, जसा काही मी त्यांचा मुलगाच मागितला. "फुटलं तं?" म्हटलं नाही फुटणार. "पण फुटलं तं? जितेंद्र सर, सूक्ष्मदर्शक दाखवाची वस्तू हाये, पाहाची नाई." दर दसऱ्याला त्याची पूजा होते हो! शाळेची शस्त्रं म्हणजे घंटा, हार्मोनियम आणि सूक्ष्मदर्शक. झेंडूचं फूल वाहायचं, हळदकुंकू लावायचं. त्याच्या डोळा लावायच्या भिंगावर इतक्या वर्षांचं कुंकू बसलंय की त्यातून बघणाऱ्याला सगळं विश्व सवाष्ण दिसावं.

तर सूक्ष्मदर्शक नाही. आणि क्रांती तर जाहीर झालेली! आता काय करायचं? आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, तेवढ्यात मोनालीनं संत्री आणली.

ही मोनाली म्हणजे आठवीतली, दुसऱ्या बाकावरची. तिच्या संघपालमामाची काटोलला संत्र्याची झाडं आहेत, मामा माल घेऊन कळमन्याच्या बाजारात आला की पिशवीभर भाचीकडे, त्यातली अर्धी वर्गात. ही पोरगी वेगळीच हो. बाकीची पोरं मी काहीही म्हटलं की एका सुरात 'हो सऽऽर!' ही नाही म्हणायची. ही आधी बघायची, मग मान हलवायची, आणि पटलं नाही तर मान तशीच ठेवायची, आणि ती तशीच ठेवलेली मान मला दिवसभर छळायची. मी मनात म्हणायचो, वा, हिच्यासाठीच मी पुण्याला गेलो नाही!

तर संत्रं माझ्या हातात. मी फोड काढली, वरचं पातळ साल सोललं, आणि आत... तुम्ही नागपूरचे, तुम्हाला काय वर्णन करून सांगायचं, त्या रसाच्या बारीक बारीक पिशव्या, एकीला लागून एक, लांबट, चकचकीत, रसानं टच्च भरलेल्या. आणि माझ्या डोक्यात वीज चमकली! पुस्तकातलं वनस्पती पेशीचं चित्र आणि ती पिशवी, सख्ख्या बहिणी हो! तसाच आकार, तशीच भिंत, आत तसाच द्रव! मी एक पिशवी चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात उंच केली आणि ओरडलो, "मुलांनो! पुस्तक बंद, डोळे उघडे! ही बघा पेशी! सूक्ष्मदर्शक नको, काही नको, निसर्गानं नागपूरला उघड्या डोळ्यांना दिसणारी पेशी दिली आहे! ही बाहेरची पेशीभित्तिका, हे आतलं पेशीद्रव्य!"

वर्ग वेडा झाला. आणि तो दुर्गेश, चवळीवाल्या इंदूबाईंचा, त्यानं विचारलं, "सर, मंग केंद्रक कोठी हाये?"

किती योग्य प्रश्न होता बघा. बघतो म्हणायचं होतं. माहीत नाही म्हणायचं होतं, जीभ झडली नसती. मी काय म्हटलं? "केंद्रक पारदर्शक असतं."

"आन् तंतुकणिका?"

"त्याही पारदर्शक."

"आन् लवकं?"

"संत्र्यात पारदर्शकच असतात."

तुम्हाला सांगतो, दोन मिनिटांत मी अख्खी पेशी पारदर्शक करून टाकली, तिच्यात दिसण्यासारखं काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही! खोटं इतकं गुळगुळीत उतरतं घशातून, हे मला फिजिक्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. आणि पोरं खूश, संत्री खातायत, ओरडतायत, "अबे, मी शंभर पेशी खाल्ल्या!" "मी पूर्ण ऊतीच खाल्ली बे!" आणि दुसऱ्या बाकावर एक मान तशीच.

इथपर्यंत तरी ठीक होतं हो. वर्गातली चूक वर्गात राहिली असती, कौसल्या मॅडम परत आल्या असत्या, पुसून टाकली असती. पण ढोमणे सरांच्या कानावर गेलं. ते धावतच आले. "जितेंद्र सर! का डोकं हाये तुमचं! तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाले हेच न्या. नागपूरचा संत्रा! हे पुण्या-मुंबईवाल्याइले सुचन का?" मी आपला लाजतोय, 'नाही हो, काय विशेष,' म्हणतोय, पण मनात माझा पुतळा उभा राहिला होता. आणि संध्याकाळपर्यंत फ्लेक्स तयार! शाळेच्या फाटकाएवढा. 'नागपुरी संत्रा : उघड्या डोळ्यांनी दिसणारी पेशी. मार्गदर्शक : जितेंद्र सर. प्रेरणास्थान : ढोमणे सर.' प्रेरणास्थानाचा फोटो सगळ्यात मोठा, त्याखाली माझा, आणि कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, संत्रा.

प्रदर्शनात बोलायचं कुणी? मोनालीनं. संत्री तिची, बोलणं स्वच्छ. तिनं एकच मागितलं, "सर, टेबलावर सूक्ष्मदर्शकबी ठेवू ना." ढोमणे सर आनंदात होते, म्हणाले, "ठेवा, शोभन." निघाला बाबा कपाटातून! मी रुमालानं भिंगावरचं कुंकू पुसलं, अर्धं गेलं, अर्धं रुमालानं पसरलं, आणि तयारीला लागलो, फ्लेक्स बांधायला दोरी आणा, टेबलाला चादर आणा. उद्या प्रदर्शन.

आणि ती आली.

"सर, एक पाह्यता का?"

"काय वं?"

"मी पिशवीचं साल काढून काचपट्टीवर ठेवलं. याच्यात तं लय घरं दिसून राहिले, सर. लांब लांब. एकाले लागून एक."

मी दोरीला गाठ मारत होतो. वर न बघता म्हटलं, "बुडबुडे असतील."

"बुडबुडे गोल राह्यते, सर."

"पाणी जास्त झालं असेल. पूस."

"पुसून पाह्यलं. दुसरी पिशवी घेऊनबी पाह्यली."

आणि मग... आता इथं मला कुणीतरी पाणी द्या. मग मी म्हटलं, "मोनाली, तुझा डोळा तपासून घे एकदा."

मी म्हटलं हे! मी! 'पुस्तक बंद, डोळे उघडे'वाला! ज्या पोरीनं या अख्ख्या शाळेत एकटीनं माझं ऐकलं, खरोखर डोळे उघडले, तिला मी म्हटलं तुझा डोळा खराब आहे! तिनं काचपट्टी तिथंच ठेवली आणि डबा खायला गेली.

मग मी बघितलं. कुणी नाही ना, याची खात्री करून बघितलं, चोरासारखं. आणि काय दिसलं म्हणता? विटांच्या भिंतीसारखी ओळच्या ओळ, लांबट खोल्या, एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी... ज्याला मी एक घर समजत होतो तो अख्खा मोहल्ला होता हो! घाईघाईनं कौसल्या मॅडमना फोन लावला, मागं बाळ रडतंय, मी कुजबुजत विचारतोय. मॅडम म्हणाल्या, "नाही हो सर, फोडीच्या सालावर आतल्या बाजूनं ते केसांसारखे उगवतात आणि रसानं फुगतात. एकेका पिशवीत कितीतरी पेशी असतात. का, कुणी सांगितलं ती एक पेशी आहे म्हणून?"

म्हटलं, "आहेत... आहेत एक सर. दुसऱ्या शाळेतले."

"अरे देवा! पोरांना काय शिकवत असतील हो ते!"

म्हटलं, "हो ना."

तुम्हाला सांगतो, तरीही वेळ गेलेली नव्हती. मी तडक ढोमणे सरांकडे गेलो, सगळं सांगितलं, म्हटलं सर, ती पेशी नाही, तिच्यात शेकडो पेशी आहेत. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पेशी हायेत ना आत?"

"आहेत, पण..."

"एक म्हटली होती, शंभर निंगाल्या. मंग कमी तं नाई ना पडल्या? खोटं का झालं त्याच्यात? आन् जितेंद्र सर, फ्लेक्स छापला ना आता."

फ्लेक्स छापला! या गावात छापलेला फ्लेक्स म्हणजे ब्रह्मवाक्य, माणूस मरेल पण फ्लेक्स उतरणार नाही. आणि मी काय केलं? भांडलो? राजीनामा फेकला? अहो, खरं सांगू? मला बरं वाटलं. हेच तर सांगायची लाज वाटते. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, की चला, आता आपल्या हातात काही नाही. बाहेर आलो, मोनालीला बोलावलं आणि म्हटलं, "उद्या फ्लेक्सवर आहे तेच बोल."

"पण सर, मी पाह्यलं ना."

"अगं, फ्लेक्सवर आहे ना? मग तेच."

तिनं एकदा फ्लेक्सकडे बघितलं. आणि म्हणाली, "हो सर."

पहिल्यांदा म्हणाली हो! इतके दिवस मी ज्या 'हो सर'ची वाट बघत होतो ते असं मिळालं, आणि नको झालं मला ते.

प्रदर्शनाला परीक्षक आले. निवृत्त प्राध्यापक, भारदस्त, पांढऱ्या मिशा. विषय कोणता? इतिहास. अहो, नेहमीचे विज्ञानवाले परीक्षक ऐन वेळी आजारी पडले, म्हणून यांना आणलं, असं मागाहून कळलं. मोनालीनं पिशवी चिमटीत धरली आणि उजेडात उंच केली. अगदी माझ्यासारखी! तोच हात, तोच सूर. "ही बाहेरची पेशीभित्तिका, हे आतलं पेशीद्रव्य." परीक्षकांनी चष्मा वर केला. "आणि बाळ, केंद्रक?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, त्या वेळी धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं गेलो असतो, पण तालुक्याच्या प्रदर्शनाचं मैदान सिमेंटचं होतं.

"केंद्रक पारदर्शक राह्यते," ती म्हणाली.

"व्वा!" परीक्षक म्हणाले. "इतकी वर्षं संत्री खातोय, पण ही दृष्टी नव्हती!" आणि त्यांनी प्रयोग उचलून खाल्ला. पहिला नंबर, आता जिल्ह्याला जायचं! टाळ्या! त्या टाळ्या! त्याच, ज्यांच्याबद्दल मी मघापासून बोंबलतोय! एकानं, एकानं तरी त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा होता, टेबलावरच होता तो! नाही. शोभत होता.

संघपालमामा कळमन्याहून तसाच आला होता, अंगाला संत्र्याचा वास, त्यानं मला मिठीच मारली. "सर, आमच्या संत्र्याची येवढी इज्जत कोणी नाई केली आजवर! मी बाजारात सगळ्याइले सांगून राहिलो, आता किलोनं नोका विकू गा, पेशीनं विका!"

परत येताना ऑटोत मोनाली माझ्या शेजारी, मांडीवर ढाल. मला काहीतरी बोलायचं होतं. तर काय बोललो? "छान बोललीस."

"तुम्ही सांगतलं तेच बोलली," ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. चिडली नव्हती हो. चिडली असती तर मला सहन झालं असतं. ती आपली एखाद्या मोठ्या बाईसारखी बोलली, जिला या जगात कसं वागायचं ते नुकतंच कळलंय. आणि कळवलं कुणी? मी. हिच्यासाठीच मी पुण्याला गेलो नव्हतो ना!

मग ठरवलं, बस्स. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सत्कार होता, शाल, नारळ, सगळं. म्हटलं माईक हातात आला की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. आला माईक. म्हटलं, "मला हा सत्कार घ्यायचा अधिकार नाही." टाळ्या! म्हटलं, "नाही, ऐका, आम्ही जे दाखवलं ते चूक होतं." ढोमणे सरांनी दुसरा माईक घेतला, "पहा विद्यार्थ्यांनो, यालेच म्हंते विनय!" टाळ्या! म्हटलं, "अहो, खरंच चूक होतं! मला पेशीतलं काही कळत नाही!" संघपालमामा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसतोय. शेवटी मी ओरडलो, "मी गाढव आहे!" तर मागच्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. असा गाव आहे आपला! माणसाला खोटं बोलू देतात, खरं बोलू देत नाहीत. खरं बोललं की म्हणतात, किती मोठं मन! आणि खांद्यावर शाल टाकतात, आणि शालीत उकडतं हो नागपुरात.

तशीच शाल घेऊन मी वर्गात गेलो. दार लावलं. म्हटलं, इथं माईक नाही, इथं कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. ऐका. संत्र्यातली ती पिशवी म्हणजे एक पेशी नव्हे. तिच्यात पुष्कळ पेशी असतात. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत आहे असं दाखवलं. मोनालीनं ते बघितलं, मला सांगितलं, आणि मी तिला म्हटलं तुझा डोळा तपास. ते सगळ्यात चूक. मोनाली, माझं चुकलं.

कुणीतरी हळूच वही काढली, मी म्हटलं वही आत! सूक्ष्मदर्शक मी आणलाच होता, सत्काराच्या नादात ढोमणे सर कपाटाची किल्ली परत मागायला विसरले होते. साल काढलं, काचपट्टीवर ठेवलं, भिंगाखाली सरकवलं, म्हटलं रांग लावा! एकेकानं यायचं, बघायचं आणि सांगायचं. पुस्तक बंद, डोळे उघडे!

पहिला आला, एक डोळा मिटला, दुसरा लावला. "हो सर, दिसलं!" दुसरा आला. "दिसलं सर, पेशीच पेशी!" मयुरा आली, "लय सुंदर हाये, सर." दुर्गेश आला आणि म्हणाला, "सर, मले तं केंद्रकबी दिसलं!" तुम्हाला सांगतो, मी भरून पावलो. शालीनंच डोळे टिपले. म्हटलं झाली क्रांती! उशिरा झाली, लाज घालवून झाली, पण झाली.

सगळ्यांत शेवटी मोनाली. ती वाकली. बघत राहिली. चक्री इकडे फिरवली, तिकडे फिरवली. पुन्हा बघितलं. सगळा वर्ग तिच्याकडे बघतोय, मी तिच्याकडे बघतोय. मग तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, एक क्षण थांबली, आणि तो क्षण, काय सांगू... मला दिसत होतं, तिच्या ओठांवर 'हो सर' आलंय.

"सर," ती म्हणाली, "काहीच नाई दिसून राहिलं. अंधार हाये."

"अबे, दिसते ना!" मागून पोरं ओरडली. "आमाले सगळ्याइले दिसलं! तुलेच काहून नाई दिसत वं?"

"नाई दिसत," ती म्हणाली. "अंधार हाये."

मी वाकलो. डोळा लावला. काळंकुट्ट. खाली बघितलं, तर आरसा भिंतीकडे तोंड करून बसलेला. उजेड आत घेणारा आरसा मी फिरवलाच नव्हता हो! फिजिक्सचा एम.एस्सी.! अख्खा वर्ग एकामागून एक येऊन अंधाराला डोळा लावून गेला, आणि प्रत्येकाला पेशी दिसल्या, कुणाला सुंदर दिसल्या, एकाला केंद्रकसुद्धा दिसलं! का? तर सरांनी सांगितलं होतं ना, पेशी आहेत म्हणून! आता यांच्यावर रागवायचं कुणी? मी? कोणत्या तोंडानं?

आरसा खिडकीकडे फिरवला. मोनाली पुन्हा वाकली, या वेळी लगेच म्हणाली, "आता दिसले. थेच घरं." आणि डोळा तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता, "सर, जिल्ह्याले मी हे दाखवीन. फ्लेक्सवरचं नाई बोलणार."

म्हटलं, "हेच दाखव. ढोमणे सरांना मी बघतो." बघतो म्हणजे काय बघणार, नवा फ्लेक्स छापायला लावीन, त्यांचा फोटो आणखी मोठा करीन म्हणून सांगीन. पण तुम्हाला सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या शालीत उकडलं नाही.

मग मी बाकीच्यांकडे वळलो. अगदी हळू आवाजात म्हटलं, बाळांनो, पुन्हा रांग लावा. या वेळी जे दिसेल तेच सांगा. दिसलं तर दिसलं म्हणा, अंधार असेल तर अंधार म्हणा, मला काय आवडेल त्याचा विचार करू नका. समजलं ना? काही विचारायचंय कुणाला?

दुर्गेशचा हात वर गेला. मी म्हटलं, विचार, विचार बेटा, मोकळेपणानं विचार!

"सर, थे समदं ठीक हाये. पण पेपरात आलं तं का लिहाचं? दिसलं लिहू, का अंधार लिहू?"